हाताने काढलेली भेटकार्डं : खान्देशात राहून स्वतंत्र चित्रकार म्हणून पोट भरता येईल का?

रंगखडी (अमळनेर)

नमस्कार मंडळी. माझं एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालंय आणि गेली बरीच वर्षं मी एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, बिलबुकं. तयार गणपती उचलायचा, नवरा-नवरीची नावं बदलायची, प्रूफ काढायचं. संध्याकाळी घरी आले की जलरंग आणि काळ्या शाईने भेटकार्डं काढते. ओळखीतले लोक पैसे देऊन घेतात, पुन्हा मागतात. आता नोकरी सोडून हेच करायचं मनात पक्कं होत चाललंय.

अडचण चित्राची नाही, पुढच्या सगळ्याची आहे. एका कार्डाला दीडेक तास जातो. शंभर रुपये सांगितले की समोरचा म्हणतो, दुकानात चाळीसला मिळतं. छापून विकलं तर ते हाताने केलेलं राहतं का, हाही प्रश्न आहे. घरचे म्हणतात पुण्याला जा, इथे कोण घेणार.

आणखी एक. मागच्या दिवाळीला एका कंपनीने माझ्याकडून चार चित्रं कार्डांसाठी करून घेतली, ठरलेले पैसेही दिले. यंदा तीच चित्रं त्यांच्या मिठाईच्या डब्यांवर आली. मला विचारलं नाही, नाव नाही. मी काही म्हणू शकते का? जाणकारांनी सांगावं.

दादरची भाकर (धुळे)

ताई, मी हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दराचं. दीड तासाचं चित्र शंभरला देऊ नका. कागद, रंग, पाकीट वजा केलं तर तुमच्या तासाला फार थोडे पडतात. माझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या वेगळ्याच ठेवते. एक, मूळ चित्राचं कार्ड. कुणाच्या नावाने, कुणाच्या घराचं किंवा आजीच्या अंगणाचं, मागणीप्रमाणे काढलेलं. ते चारशेच्या खाली देत नाही. दुसरं, माझ्याच चित्राचं छापील कार्ड, त्यावर कुंकवाचा टिळा, नथीचा मोती, दिव्याची ज्योत हाताने भरलेली. ते साठ-सत्तरला जातं. घेणाऱ्याला मी स्पष्ट सांगते, चित्र माझं, छपाई मशीनची, वरचं काम हाताचं. कुणी नाराज होत नाही. लोक नाराज होतात ते फसवलं गेल्यावर.

आता विषयाचं, कारण माझ्या मते खरी कमाई तिथे आहे. दिवाळीच्या पणत्या आणि ख्रिसमसचं झाड सगळ्या देशाला कंपन्या पुरवतात. आपल्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं कार्ड कुणी काढलंय? लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात. एवढा मोठा सण, आणि दुकानात त्याचं एक कार्ड नाही. मी कडुनिंबाच्या झाडाला बांधलेला झोका काढला. पोरीचा चेहरा दाखवला नाही, नुसते वर गेलेले पाय, त्यात जोडवी आणि एका पायातली निसटू पाहणारी चप्पल. आत एकच ओळ, अहिराणीत : माय वाट दखी ऱ्हायनी. हे कार्ड आया आणि भाऊ घेतात, सुरतेला आणि पुण्याला दिलेल्या लेकींना पाठवतात. माझं सगळ्यात जास्त जाणारं कार्ड तेच.

आपल्या कानबाई देवीचंही तसंच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा बाहेरगावचे भाऊबंद घरी जमतात. त्या निमंत्रणाचं कार्ड का नसावं? कानबाई म्हणून पूजतात तो नथ घातलेला, सजवलेला नारळ काढायला इतका सुंदर विषय आहे की विचारू नका.

केळीबाग (रावेर)

आखाजीच्या कार्डाची कल्पना फारच आवडली. एक मात्र सांगतो, राग मानू नका. ती ओळ धुळे-अमळनेरकडे चालेल, आमच्या रावेर-यावल पट्ट्यात चालणार नाही. आमच्याकडे लेवा गणबोली. चित्र आम्हाला आपलं वाटेल, पण ओळ वाचून आई म्हणेल, हे आपल्याकडचं नाही. आतली बाजू कोरी ठेवून ओळ मागणीप्रमाणे लिहून दिली तर दोन्ही बाजू सांभाळता येतील.

दुसरं, कागद. केळीचा घड एकदा कापला की त्या खोडाला पुन्हा घड येत नाही, खोड तोडावंच लागतं. त्याच्या सोपटापासून, म्हणजे खोडाच्या थरांपासून धागा निघतो आणि धाग्यापासून कागद होतो. रावेर-सावद्याच्या केळीच्या कागदावर खान्देशाचं चित्र, यापेक्षा आपलं काय असणार?

रंगखडी

@दादरची भाकर, ताई, निसटती चप्पल वाचून अंगावर काटा आला. खूप धन्यवाद. @केळीबाग दादा, केळीचा कागद मी मागवून पाहिला होता. दिसायला देखणा, पण जलरंग टाकला की टीपकागदासारखा पसरतो, बारीक रेघ राहतच नाही. कुणाला उपाय माहीत आहे का?

कोरा कागद (पुणे, मूळ चोपडा)

कागद पसरतो कारण त्याला सायझिंग नाही. म्हणजे लगद्यात किंवा वरून खळ, जिलेटीन असं काही दिलेलं नसतं. घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब फुगीर राहिला तर कागद जलरंगाला चालेल, लगेच आत गेला तर नाही. असा कागद टाकून द्यायची मात्र गरज नाही. त्यावर ठसा घ्या. लिनो (ठशासाठी कोरायची मऊ लिनोलियमची चकती) कोरून, जाड शाई लावून हाताने दाबलेला ठसा मऊ हातकागदावर अतिशय सुंदर उमटतो. एकदा कोरलं की पाहिजे तेवढ्या प्रती, आणि प्रत्येक प्रत हाताचीच. ताईंच्या ‘छापलं तर हाताचं राहतं का’ या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे. देवनागरी अक्षरं मात्र उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग पेपर उलटा करून आधी शिरोरेघ उतरवून घ्या, मग खालची अक्षरं. वेलांट्या चुकत नाहीत.

हातकागद हवा असेल तर पुण्यात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद मजबूत असतो आणि लवकर पिवळा पडत नाही. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या, खरखरीत पृष्ठभागाचा. त्यापेक्षा पातळ कागद ओला झाला की पापडासारखा वळतो.

छपाईवर हाताचा रंग याबद्दल मनात काही ठेवू नका. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून जे नाताळचं कार्ड काढून घेतलं, ते पहिलं व्यापारी नाताळ कार्ड समजतात. ते शिळाछापाने छापून वर हाताने रंगवलेलं होतं. या धंद्याची सुरुवातच अशी झालेली आहे.

आणि पुण्याला येऊ नका असं मी तरी म्हणेन. मी इथे आलो, त्याला कारण नोकरीचं होतं. इथलं भाडं भरायला जेवढी कार्डं विकावी लागतील, तेवढ्यात अमळनेरला तुमचं घर चालेल. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस होते. स्टेशनजवळच्या बंगल्यातून वर्षानुवर्षं बाहेर पडले नाहीत, टेबलावर कागद, काचा, काड्या मांडून छायाचित्रं घडवत राहिले आणि त्यांना देशोदेशीची बक्षिसं मिळाली. १९८९ ला ते गेले, बंगला संग्रहालय म्हणून आहे. एकदा जाऊन या, काम करायला किती कमी सामान लागतं ते दिसेल. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी बांबू आणि गावात मिळेल त्याच साहित्यातून सगळी सजावट उभी केली. तेही आपल्याच जिल्ह्यात.

छापखानेवाला (भुसावळ)

आमच्याकडे अशी चित्रकार मंडळी येतात आणि फाइल पाहून आम्हालाच वाईट वाटतं, म्हणून चार गोष्टी लिहितो. ताई स्वतः डीटीपीतल्या आहेत, त्यांना बरंचसं ठाऊक असेल, पण बाकीच्यांच्या उपयोगी पडेल.

मूळ चित्र मोबाइलने काढून पाठवू नका. सावली येते, कडा वाकतात. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे पुढे मोठं करायची वेळ आली तरी चालतं. जलरंगातला झगझगीत केशरी आणि पोपटी छपाईत मातकट होतो. चारच शाया असतात, त्यांना तेवढंच जमतं. आधी एक प्रत काढून मूळ चित्राशेजारी उन्हात धरून पाहा, मग पुढची ऑर्डर द्या.

मापाचं तर फार जण विसरतात. ए५ कागद मध्ये दुमडला की ए६ चं कार्ड होतं, ते सी६ पाकिटात बसतं. डिजिटल मशीनला बारा बाय अठराची शीट घातली तर ए५ ची चार बसतात, पण कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा रंग) लागतं आणि मग दोन शेजारी शेजारी ठेवली की बारा इंचाच्या बाहेर जातात. शीटवर चारऐवजी दोनच बसतात, खर्च दुप्पट. म्हणून चित्राभोवती पांढरी चौकट सोडा, नाहीतर तेरा बाय एकोणीसची शीट घेणारं मशीन शोधा. घडीवर गडद रंग नको. टोनर (डिजिटल मशीनची भुकटीची शाई) तिथे तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. हाताने दुमडू नका, आधी क्रीजिंग मारून, म्हणजे घडीची खाच पाडून घ्या. घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने पडली पाहिजे, आडवी पडली तर कार्ड उघडं राहतं, मिटत नाही.

शंभर-दोनशे प्रतींना डिजिटलच परवडतं. ऑफसेटला चार प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च शंभरालाही तोच, हजारालाही तोच. एकाच चित्राची हजारभर मागणी हातात असेल तेव्हाच तिकडे वळा. आणि टोनरच्या छपाईवर जलरंग धरत नाही, ओघळतो. वरचं हातकाम अॅक्रिलिक किंवा सोनेरी जेल पेनने करा.

दादरची भाकर

काकांनी लिहिलं ते सगळं खरं आहे. उन्हाळ्याचं मी सांगते, कारण हे पुण्या-मुंबईचे लोक कधी सांगत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आकाशाचा सपाट रंग लावायला घेतला तर ब्रश टोकाला पोचेपर्यंत सुरुवात वाळलेली असते आणि पट्टे पडतात. मी त्या दिवसांत पहाटे रंगकाम उरकते, दुपारी शाईचं रेखाटन आणि कापाकापी. रंग दुपारी लावायचाच असेल तर कागदाच्या मागून ओलं फडकं फिरवून घ्यावं. कूलरसमोर पाकिटं ठेवू नका. त्या दमट हवेने पाकिटांचा गोंद आपोआप चिकटतो आणि सगळा गठ्ठा वाया जातो. पावसाळ्यात तयार कार्डं लोखंडी पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

अॅडव्होकेट सातपुडा (नंदुरबार)

रंगखडी ताई, तुमच्या डब्यांच्या प्रश्नाकडे येतो. हा मुद्दा प्रत्येक चित्रकाराने नीट समजून घेतला पाहिजे, म्हणून थोडं लांबतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सर्वसाधारण नियम असा की चित्राचा पहिला मालक चित्रकार. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं, म्हणजे छापखान्याच्या वेळेत, छापखान्याच्या कामासाठी तुम्ही काढलं ते तुमचं नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल, तर उलट करार नसताना पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. तुमचं काम पेंटिंग की नुसतं ड्रॉइंग यावर वाद घालता येईल, पण कोर्टात वाद घालत बसण्यापेक्षा तुमच्याकडे ‘उलट करार’ आहे का ते आधी पाहू. काम ठरलं तेव्हाचे मेसेज, मेल शोधा. ‘यंदाच्या कार्डांसाठी’ किंवा तसं काही लिहिलेलं सापडलं तर ते फार महत्त्वाचं आहे.

काहीही सापडलं नाही तरी कलम ५७ उरतं. हक्क दुसऱ्याकडे गेले तरी ‘हे चित्र मी काढलं’ असं सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

यापुढचं सांगतो. हक्क कुणाच्या नावे करायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पण हक्क नावावर करून देण्याची गरजच बहुतेक वेळा नसते. वापराची परवानगी द्या : कोणतं चित्र, कशावर, किती प्रती, कधीपर्यंत. कार्डावर छापायची परवानगी वेगळी, डब्यावरची वेगळी, कॅलेंडरवरची वेगळी, आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे. एक चित्र तुम्हाला अनेकदा मिळकत देऊ शकतं, अट एकच की ते तुमच्याकडे राहिलं पाहिजे. माझ्या मते स्वतंत्र चित्रकार आणि रोजंदारीचा चित्रकार यांत फरक आहे तो इथेच.

नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढताक्षणी हक्क निर्माण होतो. तरी मूळ चित्र, कच्ची रेखाटनं आणि तारखा जपून ठेवा.

केळीबाग

वकीलसाहेब, बहिणाबाईंच्या ओळी कार्डावर घेतल्या तर चालतं का? आमच्या भागात त्याला नक्की मागणी येईल.

अॅडव्होकेट सातपुडा

चालतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी त्यांच्या पश्चात छापली गेली, तिथून मोजलं तरी ६० वर्षं उलटून गेलीत. धरणगावचे बालकवी तर १९१८ मध्येच गेले. नाव मात्र अवश्य द्या आणि ओळ मूळ पाठ पाहून घ्या, फिरत्या मेसेजांतून नको, त्यात भलतीच भर घातलेली असते. सिनेमाची गाणी आणि हयात कवींच्या ओळी परवानगीशिवाय घेऊ नका.

टपालपेटी (जळगाव)

पोस्टात आयुष्य गेलं, तेवढंच सांगतो. ३०० जीएसएमच्या ए५ कागदाचं वजन साधारण सव्वानऊ ग्रॅम भरतं. पाकिटाचे चार-पाच धरा. म्हणजे साधं कार्ड वीस ग्रॅमच्या आत बसतं आणि पाच रुपयांच्या तिकिटात जातं. वर आरसे, मणी, लाकडी तुकडे चिकटवले की वजन तर वाढतंच, शिवाय शिक्का मारताना ते फुटतात आणि कार्डाला भोक पडतं. संक्रांतीला पाकिटात हलवा घालायची हौस असते, तो कागदाच्या चपट्या पुडीत घालून कार्डाच्या घडीत ठेवावा. महागडं मूळ चित्र असेल तर स्पीड पोस्टनेच पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा जुन्या सवयीने रजिस्टर मागू नका.

रंगखडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मेसेज सापडला. त्यांच्या माणसाने लिहिलं होतं, ‘यंदाच्या दिवाळी कार्डासाठी चार डिझाइन हवेत.’ तो दाखवून मी त्यांना पत्र पाठवलं. पुढच्या डब्यांवर नाव छापायला ते तयार झालेत, पैशांचं बोलणं सुरू आहे.

आता विक्रीचं विचारते. भेटवस्तूंच्या दुकानात ठेवायला गेले तर ते म्हणतात, विकलं तर पैसे, आणि त्यातले चाळीस टक्के आमचे. हे बरोबर आहे का?

दादरची भाकर

तशी पद्धत आहे, पण मी दोन-तीनच दुकानं ठेवलीत आणि माल देताना किती नग दिले त्यावर सही घेते. सारंगखेड्याच्या यात्रेत, आठवडे बाजारात कार्डं नेऊ नका, तिथे लोक वेगळ्या खरेदीला आलेले असतात. बचत गटांच्या प्रदर्शनात विक्री बरी होते, त्याहून जास्त पुढच्या ऑर्डरी मिळतात.

खरा गिऱ्हाईक सांगू? जळगावचा सराफ बाजार. दागिना घेतला की डबीसोबत एक सुंदर कार्ड द्यायला सराफाला आवडतं. लग्नाच्या बस्त्याचे दुकानदार, केळीचे व्यापारी, डॉक्टर यांना वर्षातून एकदा तरी शंभर-दोनशे कार्डं लागतातच. एकेक कार्ड विकणं हे नाव होण्यासाठी ठीक, घर चालतं ते अशा मागण्यांवर आणि लग्नसराईच्या चित्रपत्रिकांवर. दिवाळीची चित्रं गणपतीपर्यंत हातावेगळी झाली पाहिजेत, नाहीतर छापखाना तुम्हाला तारीख देणार नाही.

कोरा कागद

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. ऑनलाइन आहे, फुकट आहे, बँकेत आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडे उपयोगी पडते. जीएसटी मालविक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर नियम वेगळे आहेत, ते सीएकडून समजून घ्या. आणि नोकरी एकदम सोडू नका. एक पूर्ण वर्ष, म्हणजे संक्रांत, आखाजी, कानबाई, राखी, दिवाळी हे चक्र नोकरी सांभाळून फिरू द्या. कोणत्या महिन्यात हातात काहीच नसतं ते कळलं की मगच राजीनामा लिहा.

रंगखडी

पटलं. पुढच्या दिवाळीपर्यंत छापखाना सोडत नाही, मालकांशी बोलून अर्धा दिवस करून घेतलाय.

आणि बातमी अशी की जळगावच्या एका सराफांकडे नमुने दाखवून आले. खापरावर मांडा टाकणाऱ्या बाईचं चित्र त्यांना फार आवडलं, तिच्या हातभर बांगड्या आणि मनगटावर पसरलेला पातळ मांडा त्यांनी दोनदा निरखून पाहिला. पाचशे कार्डं हवीत. अट अशी की हे चित्र दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. होकार देऊ का? काय लिहून घेऊ?

अॅडव्होकेट सातपुडा

अभिनंदन! होकार द्या, पण ‘दुसऱ्या कुणाला नाही’ याला मुदत आणि व्यवसाय दोन्हींची मर्यादा घाला आणि त्याचे वेगळे पैसे लावा. साध्या कागदावर एवढं पुरे :

‘सदर चित्राचे सर्व हक्क चित्रकाराकडे राहतील. या व्यवहाराने खरेदीदारास हे चित्र फक्त भेटकार्डावर, ५०० प्रतींपर्यंत, आजपासून एक वर्ष वापरण्याची परवानगी दिली आहे. या काळात चित्रकार हे चित्र दागिन्यांच्या अन्य विक्रेत्यास देणार नाही. प्रत्येक कार्डामागे चित्रकाराचे नाव छापले जाईल. जास्त प्रती किंवा अन्य वापरासाठी नव्याने लेखी परवानगी व मोबदला ठरेल.’

खाली तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या. सोबत चित्राची छोटी प्रत जोडा, म्हणजे कोणत्या चित्राबद्दल बोलतोय यावर नंतर शंका नको. निम्मे पैसे सहीच्या वेळी घ्या.

छापखानेवाला

पाचशेला डिजिटल आणि ऑफसेट दोन्हींचे दर काढून पाहावे लागतील, तिथे दोन्ही जवळजवळ येतात. फाइल आणा, मी दोन्ही हिशेब करून देतो. बांगड्यांवर सोनेरी हाताने भरणार असाल तर तेवढी जागा छपाईत फिकी ठेवा, वरचा रंग उठून दिसेल.